चिंध्यांचं पायपुसणं आणि अडून बसलेलं कॅरेज

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले की निटिंग मशीनवर कापडाच्या चिंध्यांची पायपुसणी आणि छोटे गालिचेसुद्धा होतात, आणि मग तुम्ही मला काही सुखाने बसू दिलं नाहीत. एवढे प्रश्न आलेत की निम्मे बाजूला ठेवावे लागले. त्यातल्या बहुतेकांचं रडगाणं एकच आहे, कॅरेज (सुयांवरून इकडून तिकडे सरकवायचा भाग) अडकलं. म्हणून तिथूनच सुरू करते.

प्रश्न : ताई, माझ्याकडे साधं ४.५ मिलिमीटरचं, २०० सुयांचं मशीन आहे. जुन्या चादरीच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या फाडल्या आणि लोकरीसारख्या कॅरेजमध्ये घातल्या. तीन ओळी कशाबशा झाल्या, मग कॅरेज मधोमध अडकलं ते हलेचना. जोर लावला तर दोन सुया वाकल्या. मशीन बिघडलंय का? – हात टेकलेली

अगं, मशीन बिचारं धडधाकट आहे, त्याला तू न झेपणारा घास दिलास इतकंच. सुईच्या टोकाशी हुक असतो आणि त्याच्यावर उघडमीट करणारी बारीक पाती असते, तिला लॅच म्हणतात. कॅरेज पुढे जातं तेव्हा सुई पुढे येते, जुना टाका लॅचच्या मागे सरकतो, हुकात नवीन धागा येतो, मग सुई मागे जाताना जुना टाका लॅचला ढकलून बंद करतो आणि तिच्यावरून घसरून पडतो. हे सगळं तेव्हाच होतं जेव्हा धागा हुकात मावतो आणि लॅच पूर्ण मिटते. दोन सेंटिमीटरची चादरीची पट्टी गोळा झाली की ती त्या हुकात मावत नाही, लॅच अर्धवट उघडी राहते, जुना टाका उतरत नाही, आणि असं एकाच वेळी दहा-बारा सुयांवर झालं की कॅरेज भिंतीला धडकल्यासारखं थांबतं. वरून चादरीचं कापड ताणलं जात नाही, म्हणजे होजिअरीसारखं निसटायला ते जराही मदत करत नाही.

काहीजणी सांगतील एक सोडून एक सुई वापर म्हणजे जागा होईल. सुयांमधली जागा होईल, ४.५ ची ९ मिलिमीटर होईल, पण हुक तेवढाच राहतो ना! हे लक्षात न आल्यामुळे मीसुद्धा सुरुवातीला एका संध्याकाळी चार सुयांचा बळी दिला होता आणि वर मशीनलाच नावं ठेवली होती.

आता मुख्य गोष्ट सांगते, बाकी सगळी उत्तरं हिच्याच पोटातून निघणार आहेत. मशीनला चिंधी विणायला लावायचीच नाही. मशीनने विणायचा बारीक दोरा, चिंधीने त्या दोऱ्याच्या टाक्यांमध्ये नुसतं आडवं पडून राहायचं. म्हणजे चिंधी हुकात जातच नाही. ह्याला निटवीव्ह म्हणतात, विणकाम आणि मागाचं काम ह्यांच्या मधलं काहीतरी. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम लीने पहिलं विणकामाचं यंत्र केलं ते पायमोज्यांसाठी, बारीक धाग्यासाठी, आणि घरगुती मशीनचा स्वभाव अजून तोच आहे, त्याला नाजूकच खायला आवडतं.

आणि पुन्हा अडकलं तर जोर लावू नकोस गं. आधी कॅरेजच्या पुढची सिंकर प्लेट स्क्रू सैल करून काढ, मग कॅरेज उचलायची सोय असेल तर ते उचल, नाहीतर अडकलेल्या चिंध्या कात्रीने कापून टाक आणि सुया हाताने एकेक मागे ने. चिंधीचं काय, दुसरी मिळेल. वाकलेली सुई सरळ करत बसू नकोस, डोळ्यांना सरळ दिसते पण लॅच तिरकी बसते आणि मग त्याच जागी टाके सुटत राहतात. बदलून टाक.

प्रश्न : निटवीव्ह म्हणजे नेमकं हाताने काय करायचं? माझ्या मशीनला पंचकार्ड (नक्षीसाठी भोकं पाडलेलं कार्ड) वगैरे काही नाही, अगदी साधं ६.५ मिलिमीटरचं १५० सुयांचं आहे. – पायरी पायरीने सांगा

पंचकार्ड नसलेलं उलट बरं, काय चाललंय ते समजतं तरी. दोरा आधी ठरवा. न ताणणारा, मजबूत सुती दोरा हवा, लोकर नको, कारण गालिच्याचं सगळं वजन ह्या दोऱ्यावर असतं आणि लोकर ताणून ताणून गालिचा लांबट होत जातो. दोऱ्याचा रंग फार दिसत नाही पण ठिपक्यांसारखा डोकावतो, त्यामुळे काळपट किंवा मातकट रंग घेतला तर चिंध्यांचे सतरा रंग एकत्र बांधल्यासारखे वाटतात. पांढरा घेतला तर तेच भडक दिसतं. हे माझं मत, तुम्ही पांढरा घ्याल तर मी भांडायला येणार नाही.

दोऱ्याने टाके चढवून आठ-दहा ओळी साध्या विणून घ्या, खाली पंज्याची वजनं लावा, दोन्ही कडांना तर नक्की. मग कॅरेज असं सेट करा की पुढे ओढलेल्या सुयासुद्धा ते विणेल, म्हणजे होल्ड बंद. आता सगळ्या सुया हाताने पूर्ण पुढे ओढा, टाके लॅचच्या मागे गेले पाहिजेत आणि लॅच उघड्या हव्यात. पट्टी घ्या आणि सुयांच्या दांड्यांमधून एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशी टोपली विणल्यासारखी शेवटपर्यंत न्या. दोन वरून, दोन खालून केलंत तरी चालतं, जाड पट्टीला तेच बरं पडतं. मग ती पट्टी बोटांनी मागे मशीनच्या बेडला, म्हणजे सुया बसवलेल्या पाटाला, टेकेपर्यंत सारा, अगदी टेकेपर्यंत, कारण ती हुकाजवळ राहिली तर कॅरेज तिला पकडतं आणि पुन्हा वरचाच प्रकार. कॅरेज हळू न्या. झाली ओळ. पट्टी जुन्या आणि नव्या टाक्याच्या मध्ये कैद झाली, हलणार नाही.

पुढची ओळ नुसत्या दोऱ्याची विणा आणि मग परत पट्टीची, ह्या वेळी जिथे वरून होती तिथे खालून. काहीजणी प्रत्येक ओळीत पट्टी घालतात, गालिचा दगडासारखा घट्ट होतो खरा पण कॅरेज ओढताना खांदा भरून येतो, मला तरी एक आड एकच आवडतं.

एक गंमत म्हणजे विणताना उलटी बाजू तुमच्यासमोर असते आणि पट्टी ह्याच बाजूला दिसते. म्हणजे आपण ज्या बाजूला एरवी मागची म्हणतो ती इथे पुढची. त्यामुळे पट्ट्यांची टोकं, जोड, लोंबणारे धागे काम चालू असतानाच दिसतात, मागे काय घोटाळा झालाय हे शेवटी कळायची भानगड नाही.

मशीनला ब्रश असतील, सिंकर प्लेटच्या खाली छोटी गोल चाकं दिसतात ती, तर ती खाली करून घ्या, ती पट्टीला दाबून धरतात. पण फार जाड पट्टी त्या प्लेटखालून जाणारच नाही. मग मर्यादा हुकाची नसून त्या फटीची असते. म्हणून आधी एक पट्टी प्लेटखालून हाताने सरकवून बघायची, सरकली तर विणायची.

प्रश्न : जीन्स चालेल का?

निटवीव्हमध्ये, शिवणी काढून, एक सेंटिमीटरची पट्टी, मधे दोन साध्या ओळी, चालेल. कमरेचा पट्टा आणि खिशाचे कोपरे चालणार नाहीत, कितीही मोह झाला तरी.

प्रश्न : माझं मशीन ९ मिलिमीटरचं आहे, जाड लोकरीचं. घरात जुन्या टी-शर्टचा ढीग आहे. थेट विणता येतील ना? पट्टी कशी कापायची आणि गाठी कशा मारायच्या? – ढिगाची मालकीण

हो, तुमचं मशीन थेट विणेल, होजिअरीच्या पट्टीची आणि ९ मिलिमीटरच्या हुकाची बऱ्यापैकी मैत्री आहे. पण गाठी मारायच्याच नाहीत! गाठ हुकातून जात नाही, गेली तर टाक्यातून उतरत नाही, उतरली तर पायाला टोचते. काही ठिकाणी पट्टीच्या टोकाला चीर पाडून एकातून दुसरी ओवायची युक्ती सांगतात, ती हाताच्या क्रोशाला उत्तम, मशीनवर तिथे चौपदरी गोळा तयार होतो आणि कॅरेज तिथेच ठेच खातं. दोन टोकं एकमेकांवर काटकोनात ठेवून तिरकी टीप मारा, उरेब पट्टी जोडतो तशी, आणि कोपरा कापून टाका. जोड तिरका पसरतो, जाडी एका जागी येत नाही. शिलाईयंत्र उघडायचा कंटाळा असेल तर दीड सेंटिमीटर एकावर एक ठेवून हाताने चार टाके. त्याहून आळशी उपाय म्हणजे जोड कडेला येईल असं बघून तिथे पट्टी बदलायची आणि शेपट्या नंतर आत ओवायच्या. मी हेच करते.

कापायचं कसं, तर काखेपासून खालचा भाग घ्या, खालची दुमड कापून टाका, मग आडवं कापा, म्हणजे शर्ट अंगात घातल्यावर कमरेभोवती जसा पट्टा येईल तसं. आडवी कापलेली पट्टी ओढली की स्वतःभोवती गुंडाळते आणि कच्च्या कडा आत लपतात, उभी कापली तर ताणतही नाही आणि नीट गुंडाळतही नाही. अखंड लांब पट्टी हवी असेल तर शर्ट आडवा सपाट ठेवा, एका बाजूला चारेक सेंटिमीटर न कापता सोडून बाकी सगळे काप द्या, मग तो न कापलेला भाग उघडून मधे पसरा आणि पहिल्या कापापासून समोरच्या बाजूच्या दुसऱ्या कापापर्यंत तिरकं कापत जा. पहिल्यांदा चुकतं, सगळ्यांचं चुकतं, गोल गोल रिंगा हातात येतात, मग त्या जोडत बसायच्या. ज्या शर्टांना बाजूला शिवण नसते ते ह्या कामाला सोनं.

रुंदी पातळ कापडाला दीड सेंटिमीटर, जाड असेल तर एक. नक्की मोजमाप मी देणार नाही कारण तुमचा टी-शर्ट मी पाहिलेला नाही, त्यापेक्षा परीक्षा घ्या : पट्टी जोरात ओढून गुंडाळू द्या, सुईच्या हुकात घाला आणि लॅच बोटाने मिटा. मिटली तर पास. जेमतेम मिटली तरी नापास, कारण बोटाला जे जेमतेम जमतं ते कॅरेजला धावताना जमत नाही.

वर टेन्शनच्या खांबातून, म्हणजे धाग्याचा ताण सांभाळणाऱ्या दांड्यातून, पट्टी घालू नका, तिथे ती खेचली जाते. पट्टी घमेल्यात सैल गुंडाळून जमिनीवर ठेवा आणि प्रत्येक ओळीआधी रुंदीच्या तीन-चार पट पट्टी बाहेर काढून सैल सोडा, कॅरेजला ती ओढून घ्यायला लागता कामा नये. टाके चढवताना सुईभोवती गुंडाळून चढवा आणि सैल, आणि शेवटी टाके बंद करताना बेडच्या दातांना वळसा देत बंद करा, नाहीतर खालची बाजू रुंद आणि वरची आवळलेली, उलट्या बादलीसारखा आकार येतो. आणि बारीक केर फार होतो ह्या कामात. कापलेल्या होजिअरीचे तंतू सुयांच्या खाचांमध्ये जाऊन बसतात, एक पायपुसणं झालं की ब्रशने झाडायचं, नंतर नाही, तेव्हाच.

प्रश्न : तुमच्या पद्धतीने दोऱ्यात पट्टी घालूनच विणलं, छान होत होतं, पण मशीनवरून काढलं तर मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद. अगदी डमरू! टाके मोजले, बरोबर आहेत. – शंकराची भक्त नसलेली

पत्र वाचून खूप हसले, माफ करा. टाके बरोबर आहेत कारण चूक टाक्यांची नाहीये, पट्टीची आहे. सुरुवातीच्या ओळींना आपण नवीन असतो, घाबरत घाबरत सैल ठेवतो, मग हात बसतो, वेग येतो आणि प्रत्येक वळणावर पट्टी हलकेच ओढली जाते. दोरा लवचीक टाक्यांचा आहे, तो पट्टीच्या मागे जातो, आणि न ताणणारी पट्टी जेवढी लांब तेवढीच रुंदी. शेवटी परत काम संपत आल्यावर आपण सांभाळून करतो, परत रुंद. झालं डमरू.

मागावर काम करणारे काय करतात बघा, आडवा धागा सरळ न टाकता कमानीसारखा टाकतात आणि मग दाबतात, म्हणजे वरखाली जायला लागणारी जास्तीची लांबी त्याला मिळते. तुम्हीही तेच करा, ६० सेंटिमीटरच्या रुंदीला ६५ च्या आसपास पट्टी पडली पाहिजे, ती बेडकडे ढकलताना मधे छोटे छोटे फुगे राहू द्या. वळणावर शेवटच्या सुईबाहेर एक बोट ठेवून त्याच्याभोवती पट्टी वळवा, मग बोट काढा. आणि पुठ्ठ्याची एक पट्टी हव्या त्या रुंदीची कापून जवळ ठेवा, दर दहा ओळींनी कामाला लावून बघा, पण वजनं उचलून धरून, कारण वजनाने लोंबताना काम खाली ओढलं जाऊन रुंदीला अरुंद दिसतं. वजनं पण वर सरकवत राहा, ती काम वाढेल तशी खाली जातात आणि कडांचे टाके वर चढायला लागतात.

झालेल्या डमरूचं काय? पाण्यात भिजवून, टाचण्या लावून ताणायचा प्रयत्न करू नका, पट्टी सुती कापडाची आहे, वाढणार नाही. मधली कड दोन्ही बाजूंना क्रोशाने भरून काढता येते. नाहीतर असू दे.

प्रश्न : टी-शर्टचा गालिचा जमिनीवर ठेवला की चारही कडा पापडासारख्या वळतात. इस्त्री केली, वजन ठेवलं, परत तेच. – वैतागले

इस्त्रीने जाणार नाही कारण तो त्या विणीचा स्वभावच आहे. एका बाजूला सगळे सुलटे, दुसऱ्या बाजूला सगळे उलटे टाके, दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसतो, त्यामुळे उभ्या कडा मागे वळतात आणि वरखालच्या कडा पुढे. टी-शर्टच्या पट्टीत स्वतःचीही एक गुंडाळी आहे, म्हणजे दुप्पट.

रिबर (समोर जोडायचा सुयांचा दुसरा बेड) असेल तर एक सुलटा एक उलटा विणा, प्रश्नच मिटला, पण जाड पट्टीवर दोन्ही बेड एकदम चालवणं जड जातं. रिबर नसेल तर सगळ्या कडेने क्रोशाच्या दोन फेऱ्या, त्याच पट्टीच्या, आणि कोपऱ्यावर तीन टाके एकाच जागी. नाहीतर मागे जाड कापड शिवून टाका, ते सगळ्यात पक्कं. निटवीव्हमध्ये आडवी पट्टी उभ्या कडांना वळू देत नाही, फक्त सुरुवात आणि शेवट वळतो, म्हणूनच तर त्या आठ-दहा ओळी नुसत्या दोऱ्याच्या विणायला सांगितल्या, तेवढा भाग मागे दुमडून शिवायचा. पहिल्या पायपुसण्याला मी ते केलं नव्हतं आणि ते दारात सतत जीभ बाहेर काढून पडलेलं असायचं.

प्रश्न : कापड किती लागेल हे आधी कळायचा काही मार्ग आहे का? दोनदा अर्ध्यात चिंध्या संपल्या. – बेहिशोबी

नमुना विणा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, बास. समजा नमुना २० बाय १५ सेंटिमीटरचा झाला, म्हणजे ३०० चौरस सेंटिमीटर, आणि वजन भरलं ६० ग्रॅम. तुम्हाला हवाय ६० बाय ९० चा, म्हणजे ५४०० चौरस सेंटिमीटर, नमुन्याच्या १८ पट. १८ गुणिले ६०, १०८० ग्रॅम. दोऱ्याचं रीळ नमुन्याआधी आणि नंतर मोजलं तर त्यातला दोरा किती तेही कळेल, ९ ग्रॅम गेला असेल तर पूर्ण कामाला १६२ ग्रॅम, उरलेल्या ९१८ ग्रॅम चिंध्या. त्यावर वाया जाणाऱ्या शिवणी, दुमडी, काखा ह्यांच्यासाठी थोडं जास्तीचं धरा. नमुना मोजायच्या आधी धुऊन वाळवलेला हवा, मशीनवरून उतरवल्या उतरवल्या मोजला तर तो तुमच्याशी खोटं बोलतो.

रुंदीचं पण आत्ताच सांगते. २०० सुया गुणिले ४.५ म्हणजे बेड ९० सेंटिमीटरचा, ६.५ च्या १५० सुया म्हणजे साडेसत्त्याण्णव, पण काम उतरवल्यावर तेवढं रुंद राहत नाही. त्याहून मोठा गालिचा हवा असेल तर पट्टे विणून जोडावे लागतात, आणि जोडायचेच असतील तर अरुंद पट्टे करा, कॅरेजला पण सोपं.

प्रश्न : गोल गालिचा होईल का मशीनवर? – गणितात कच्चा, पण उत्साही

होतो, दोन प्रकारे, आणि दादा दोन्हीत थोडं गणित आहे, घाबरू नका.

सोपा प्रकार म्हणजे दोरी. चार सुयांवर पट्टी विणायची, कॅरेज एका दिशेने विणेल आणि परत येताना नुसतं सरकेल असं लावायचं, पट्टी मागून फिरून येते आणि गोल नळी तयार होते. ही दोरी गोगलगायीसारखी गुंडाळत शिवायची. दोरी २ सेंटिमीटर जाड आणि गालिचा ६० सेंटिमीटर व्यासाचा, तर क्षेत्रफळ ३.१४ गुणिले ३० गुणिले ३०, म्हणजे २८२६, त्याला २ ने भागलं की १४१३ सेंटिमीटर, साधारण १४ मीटर दोरी. शिवताना मांडीवर घेऊन शिवू नका! टेबलावर सपाट ठेवूनच. मांडीवर हमखास दोरी ओढली जाते आणि गालिच्याची टोपली होते. उलट फार सैल सोडली तर कडेला झालर उठते.

दुसरा प्रकार पाचरींचा. केंद्रापासून कडेपर्यंतच्या लांबीएवढ्या सुया घ्यायच्या आणि केंद्राकडच्या सुया एकेक करून होल्डमध्ये ठेवत जायच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला ओळी जास्त, आतल्या बाजूला जवळजवळ नाहीच. त्रिज्या ४० सेंटिमीटर असेल तर परीघ ६.२८ गुणिले ४०, म्हणजे २५१ सेंटिमीटर. आठ पाचरी केल्या तर प्रत्येकीची बाहेरची कड ३१ सेंटिमीटरच्या थोडी वर. तुमच्या नमुन्यात एका सेंटिमीटरला दोन ओळी येत असतील तर एका पाचरीला ६४ ओळी धरा, म्हणजे ३२ फेऱ्या. सुया ४० असतील तर प्रत्येक फेरीला एक सुई होल्डमध्ये, आणि दर चौथ्या फेरीला दोन, बरोबर ४० होतात. मग सगळ्या परत कामावर आणि दुसरी पाचर. होल्डच्या कडेशी धागा सुईला गुंडाळून घ्या, नाहीतर तिथे भोकं पडतात. हा प्रकार थेट विणलेल्या होजिअरीलाच करा, निटवीव्हमध्ये प्रत्येक ओळीची पट्टी वेगळ्या लांबीची पडते आणि माणूस वेडा होतो.

प्रश्न : हॅन्डल फिरवायचं ते ४८ सुयांचं प्लॅस्टिकचं गोल मशीन आहे माझ्याकडे. त्यावर? – शाळेतली वाचक

बारीक, नीट गुंडाळलेली, खूप ताणणारी पट्टीच घाल, आणि हॅन्डल हळू. आतले दाते प्लॅस्टिकचे असतात, कटकट आवाज आला की थांब, उलट फिरव, कुठे अडकलंय बघ. त्याच्यावर नळी होते ती चपटी करून दोन्ही तोंडं शिवलीस की दुपदरी पायपुसणं तयार, आणि नळी असल्यामुळे बाजूच्या कडा वळायचा प्रश्नच नाही. मोठ्यांच्या मशीनवाल्या तुझा हेवा करतील.

प्रश्न : माझ्याकडे लांब पट्ट्या नाहीतच. शिवणकामातले वीतभर पण नसलेले तुकडे आहेत, पोतंभर. – टाकवत नाही

केसाळ गालिचा करा. आठ-नऊ सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद तुकडे कापा, आकार थोडा इकडेतिकडे झाला तर उलट छान. सुया पुढे ओढून प्रत्येक तुकडा तीन सुयांमधून वर-खाली-वर घालायचा, दोन्ही टोकं आपल्याकडे खाली लोंबत ठेवायची, मग पुढचा तुकडा शेजारच्या तीन सुयांना. सगळी टोकं खाली ओढून घ्या, कॅरेजच्या वाटेत एकही नको. ओळ विणा, मग दोन ओळी साध्या आणि घट्ट, आणि पुढच्या वेळी एका सुईने बाजूला सरकून. दोरा घट्ट ठेवायचा, कारण लांब पट्टी तिच्या लांबीमुळे टिकते, हे तुकडे नुसत्या दाबावर टिकतात. होजिअरीचे आणि सुती जाडेभरडे तुकडे धरून राहतात, रेशमी गुळगुळीत तुकडे महिन्याभरात घरभर सापडतात. वेळ भयंकर लागतो हे आधीच सांगते, ४० सेंटिमीटर रुंदीच्या एका ओळीला मला चहा निवेपर्यंत वेळ लागतो.

प्रश्न : कापड मागावर विणल्यासारखं दिसेल का? जपानी साकिओरीचे फोटो पाहिलेत, तसं हवंय.

साकिओरी म्हणजे शब्दशः फाडून विणणं, आणि ते मागाचं काम आहे, तिथे उभे धागे ताणलेले असतात. निटवीव्ह त्याच्या जवळ जातं पण तंतोतंत नाही, हाताला जास्त मऊ आणि थोडं लवचीक लागतं. जास्तीत जास्त जवळ जायचं तर पातळ सुती कापड एक सेंटिमीटरने फाडा, कापू नका, फाडलेल्या कडेला जे केस सुटतात त्यानेच तो मऊपणा येतो. दोरा बारीक आणि गडद. रंग आधी ठरवून लावायचा मोह टाळा, हाताला येईल ती पट्टी. एवढं मात्र बघा की दोन अगदी भडक पट्ट्या शेजारी नकोत.

प्रश्न : धुवायचं कसं? आणि रंग जातो का?

कापायच्या आधी सगळं कापड धुऊन घ्या, नंतर नाही. नवीन सुती कापड आटतं, जुनं आटून झालेलं असतं, दोन्ही एका गालिच्यात आले की पहिल्या धुण्यात सुरकुत्यांचा डोंगर. रंगासाठी प्रत्येक कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. मी हे एका लाल पडद्याच्या बाबतीत केलं नाही. त्याच्या शेजारी क्रीम रंगाच्या चादरीच्या पट्ट्या होत्या, गालिचा भेट द्यायचा होता, आणि देण्याआधी एकदा स्वच्छ करावा म्हणून मी तो भिजत घातला. गुलाबी झाला, एकसारखा असता तरी चाललं असतं, पण ढगांसारखा गुलाबी. तो आता माझ्या मशीनखाली आहे आणि पडलेल्या सुया त्याच्यावर छान दिसतात.

भिजल्यावर गालिचा फार जड होतो, दोरीवर टोकाने टांगला तर लांबतो, सपाट पसरून किंवा दोन दोऱ्यांवर आडवा टाकून वाळवा. गुळगुळीत फरशीवर खाली न घसरणारी जाळी टाका, आणि जिन्याच्या तोंडाशी हे गालिचे नकोच.

प्रश्न : ताई, काकूंचं पंचवीस वर्षं बंद असलेलं मशीन मला मिळालंय. लगेच चिंध्यांना लावू? – अधीर

लगेच नको. सुयांवर जी लांब पट्टी आडवी असते ना, टोकाने ओढून बाहेर निघते ती, तिच्या आत स्पंज असतो, तो सुयांना खाली दाबून धरतो. इतक्या वर्षांत त्याचा चिकट भुगा झालेला असणार. दाबून धरायला काही नाही म्हटल्यावर सुया वर उचलल्या जातात आणि कॅरेज त्यांना जाऊन ठोकतं, साध्या लोकरीवरसुद्धा, चिंध्यांची तर गोष्टच सोड. तो स्पंज आधी बदल, जुनं घट्ट झालेलं तेल पुसून नवीन लाव, प्रत्येक सुईची लॅच बोटाने उघडमीट करून बघ. मग साध्या दोऱ्याच्या पन्नास ओळी वीण, कॅरेजचा आवाज एकसारखा येतोय का ऐक. आला की काकूंचा एखादा जुना टी-शर्ट माग.